विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ की फोनच दमला? ॲप किती रॅम खाते, हे मोजतात कसे?

भूम तालुक्यातल्या कुठल्याही वाडी-वस्तीवर जा, ‘हँग’ हा शब्द आता मराठीच झाला आहे. अंगणवाडीत पोषणाची नोंद भरताना फोन हँग होतो, बांधावर उभे राहून सोयाबीनचा फोटो चढवताना हँग होतो, ई-केवायसी करताना तर होतोच होतो. त्यावर दोन ठरलेली उत्तरे आहेत. फोन हातात धरणारा म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे. ॲप बनवणारा म्हणतो, तुमचा फोन जुना आहे. दोघांपैकी खरे कोण, हे ठरवायला मोजमाप लागते. ते मोजमाप उपलब्ध आहे, फुकट आहे आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात सतत चालू आहे. ते मागितले जात नाही, एवढेच.

संगणकावर किंवा फोनवर चालणारा एखादा प्रोग्रॅम यंत्राची किती साधने वापरतो, हे मोजण्याचे शास्त्र जुने आहे. त्यातले आकडे नीट वाचता आले, तर ‘हँग’ या एका शब्दात दडलेली चार-पाच वेगवेगळी दुखणी वेगळी करता येतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये काय घडले?

एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद तलाठ्याने करण्याऐवजी शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून, शेतात उभे राहून, फोटोसह करायची, अशी ती योजना. त्याच महिन्यात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले स्मार्टफोन परत करायला सुरुवात केली.

सेविकांना हे फोन २०१९ च्या सुमारास मिळाले होते, रॅम २ जीबी. १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आणले. बालकांची वजने, गरोदर मातांच्या नोंदी, आहार वाटप, सगळे त्यात भरायचे. तक्रारी लगेच सुरू झाल्या. फोन तापतो, मध्येच बंद पडतो, जागा पुरत नाही, दुरुस्तीचा खर्च पदरचा होतो. शिवाय ॲप इंग्रजीत. फोन परत करण्याचे आंदोलन झाले आणि हा वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेला.

त्या वेळी बहुतेक चर्चा भाषेची आणि मानधनाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण ‘२ जीबीच्या फोनवर हे ॲप चालते का’ हा प्रश्न भावनेचा नाही, आकड्याचा होता. ॲप किती रॅम मागते, प्रोसेसर किती वेळ अडवते, फोटो घेताना त्याची भूक किती वाढते, हे आकडे कोणी लोकांसमोर ठेवले नाहीत. म्हणून सेविका म्हणाल्या ‘चालत नाही’ आणि कार्यालये म्हणाली ‘चालवा’.

आता दावे आणखी मोठे झाले आहेत. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी पोषण ट्रॅकरमध्ये चेहरा ओळखण्याची पडताळणी सक्तीची झाली. कॅमेरा सुरू ठेवून चेहरा जुळवणे हे फोनसाठी नाव-गाव टाइप करण्यापेक्षा किती तरी जड काम. फोन अडकला तर नोंद अडते, आणि नोंद अडली तर दारात आलेल्या मातेचे पाकीट अडते.

रॅम, प्रोसेसर, स्टोरेज : फरक काय?

भूमला हे समजावायला खव्याची भट्टी पुरे. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तो खवा याच तालुक्यातला. भट्टीवाल्याकडे तीन गोष्टी असतात. दुधाचे कॅन ठेवायची खोली, चुलीवरची कढई आणि कढईखालचा जाळ. खोली म्हणजे स्टोरेज, कढई म्हणजे रॅम, जाळ म्हणजे प्रोसेसर. खोलीत शंभर लिटर दूध मावते म्हणून कढईत शंभर लिटर मावत नाही. जाळ कितीही मोठा केला तरी कढई लहान असेल, तर दूध उतू जाणार किंवा थोडे-थोडे आटवावे लागणार.

दुकानात फोन घेताना ‘६४ जीबीचा आहे’ असे सांगितले जाते, ती खोली असते. कढई २ किंवा ३ जीबीचीच असते, आणि त्यातला मोठा वाटा अँड्रॉइड स्वतःसाठी आधीच राखून ठेवते. उरलेल्यात व्हॉट्सॲप, कीबोर्ड, कॅमेरा आणि सरकारी ॲप. ही उपमा एका ठिकाणी मात्र तुटते. कढई मोकळी ठेवण्यात भट्टीवाल्याचे नुकसान नाही, पण रॅम मोकळी ठेवण्यात फोनचे आहे. त्याकडे पुढे येऊ.

घड्याळाचा वेळ आणि प्रोसेसरचा वेळ

मोजमापाची सुरुवात वेळेपासून झाली. १९६० च्या दशकात संगणक इतके महाग होते, की एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरायचे आणि कोणी किती वापरले याचा हिशेब ठेवायचा, हे ओघानेच आले. अमेरिकेत एमआयटी संस्थेने १९६१ मध्ये एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत दाखवून दिली. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये ‘सीडीसी ३६००’ हा संगणक आला. त्यावर इतर संस्थांचे संशोधकही आपली गणिते करून घेत. आजही पुण्याच्या आयसर संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर काम टाकले, की त्याने किती प्रोसेसर किती तास वापरले याची नोंद होते. यंत्र सामायिक झाले की हिशेब आलाच.

या हिशेबात दोन वेळा वेगळ्या ठेवतात. तहसील कचेरीचे उदाहरण घ्या. दाखल्यासाठी सकाळी दहाला गेलेला माणूस दुपारी तीनला बाहेर पडतो. घड्याळाने पाच तास. पण टेबलावर त्याच्या कागदाचे प्रत्यक्ष काम झाले दहा मिनिटे. बाकीचा वेळ रांगेत, साहेबांच्या जेवणात आणि झेरॉक्सच्या दुकानात. प्रोग्रॅमचेही असेच. घड्याळाचा वेळ म्हणजे बटण दाबल्यापासून उत्तर येईपर्यंतचा. प्रोसेसरचा वेळ म्हणजे त्यातला जितका काळ प्रोसेसर खरोखर त्या ॲपसाठी राबला, तितकाच. अँड्रॉइडच्या मुळाशी असलेली लिनक्स प्रणाली प्रत्येक प्रोग्रॅमसाठी हा प्रोसेसर-वेळ लिहून ठेवते, तोही दोन खान्यांत. एक प्रोग्रॅमने स्वतःच्या कामासाठी वापरलेला आणि दुसरा प्रणालीने त्याच्या वतीने खर्च केलेला.

‘सर्व्हर डाऊन’चा वाद इथेच सुटतो. समजा एक नोंद जतन व्हायला साठ सेकंद लागले. त्यात ॲपचा प्रोसेसर-वेळ तीन सेकंद निघाला, तर उरलेली सत्तावन्न सेकंदे ॲप कशाची तरी वाट पाहत बसले होते. बहुतेकदा नेटवर्कची किंवा पलीकडच्या सर्व्हरची. फोन बदलून काहीही फरक पडणार नाही. उलट प्रोसेसर-वेळ पन्नास सेकंद निघाला, तर सर्व्हरला शिव्या देण्यात अर्थ नाही. ॲपच फोनकडून अवजड काम करून घेत आहे. आणि दोन्ही आकडे लहान असूनही फोन रेंगाळत असेल, तर संशय भरलेल्या स्टोरेजवर घ्यावा. स्वस्त फोनमधले स्टोरेज मुळात संथ असते आणि ते काठोकाठ भरले की आणखी संथ होते.

एक गंमत इथे सांगायला हवी. संगणकावर हे आकडे दाखवणाऱ्या ‘टॉप’ नावाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये कधी कधी एखादे काम ‘तीनशे टक्के’ प्रोसेसर खाताना दिसते. चूक नसते ती. आजच्या प्रोसेसरमध्ये चार किंवा आठ गाभे असतात आणि एक पूर्ण गाभा म्हणजे शंभर टक्के धरला जातो. तीन गाभे पूर्ण जुंपले की तीनशे. आठ गाभ्यांच्या फोनवर ‘शंभर टक्के’ म्हणजे एक-अष्टमांश ताकद, हे माहीत नसेल तर उगाच घाबरायला होते.

सामायिक विहिरीचा गोंधळ

वेळ मोजणे तुलनेने सोपे. रॅम मोजणे मात्र फसवे आहे, आणि चुकीचे निष्कर्ष सर्वाधिक इथेच निघतात.

चार भावांची वाटणी झाली, जमीन वेगळी झाली, विहीर एकच राहिली. चौघांच्या सातबाऱ्यावर विहीर आहे. कोणी चारही उतारे घेऊन विहिरी मोजल्या, तर चार भरतील. शिवारात जाऊन पाहिले तर एक. फोनमधल्या ॲप्सचेही असेच आहे. अक्षरे दाखवणे, चित्रे उलगडणे, बटणे रेखाटणे, अशा सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी अँड्रॉइड रॅममध्ये एकदाच ठेवते आणि सगळी ॲप्स त्या वाटून वापरतात.

आता आकडे मांडू. चार ॲप्स आहेत. प्रत्येकाची स्वतःची ६० एमबी रॅम आणि चौघांत सामायिक ४० एमबी. खरा खर्च चार गुणिले साठ अधिक चाळीस, म्हणजे २८० एमबी. पण मोजण्याची एक प्रचलित पद्धत, तिला आरएसएस म्हणतात, प्रत्येकाच्या नावावर सामायिक भागही पूर्ण लिहिते. प्रत्येकी १००, बेरीज ४००. म्हणजे १२० एमबी रॅम हिशेबात आली, जी फोनमध्ये अस्तित्वातच नाही. दुसरी पद्धत पीएसएस. ती विहिरीचा चार-चार आण्यांचा हिस्सा लावते. प्रत्येकी साठ अधिक दहा, म्हणजे ७०. बेरीज बरोबर २८०. तिसरी यूएसएस, ती सामायिक काही धरतच नाही. हे ॲप बंद केले तर नक्की किती रॅम सुटेल, याचे उत्तर ती देते, ६० एमबी.

तिन्ही आकडे खरे आहेत. प्रश्न कोणता विचारला यावर कोणता घ्यायचा हे ठरते. अँड्रॉइडची स्वतःची साधने म्हणूनच मुख्यतः पीएसएस वापरतात. पण एखाद्या बैठकीत ‘आमचे ॲप फक्त ६० एमबी घेते’ असे सांगितले गेले, तर कोणत्या पद्धतीने, कोणत्या फोनवर आणि कोणते काम करताना, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्या साठला अर्थ नाही. प्ले स्टोअरवर दिसणारा ॲपचा आकार तर वेगळीच गोष्ट आहे. तो फक्त डाऊनलोडचा आकार. २० एमबीचे ॲप चालू झाल्यावर ३०० एमबी रॅम घेऊ शकते.

फोटो काढून परत आले की फॉर्म कोरा का होतो?

पीक पाहणी करणाऱ्या शेतकऱ्यांना आणि सेविकांना हा अनुभव नवा नाही. अर्धा फॉर्म भरला, कॅमेरा उघडला, फोटो काढला, परत आले तर ॲप पहिल्या पानावर. यात गूढ काही नाही.

१३ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून तीन-चार एमबीचा असतो, कारण तो घट्ट आवळून साठवलेला असतो. पण पडद्यावर दाखवायला किंवा त्यावर काही प्रक्रिया करायला तो रॅममध्ये उलगडावा लागतो. तेव्हा प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात. १ कोटी ३० लाख ठिपके गुणिले चार, म्हणजे सुमारे ५२ एमबी. ॲप लिहिणाऱ्याने निष्काळजीपणे मूळ फोटो आणि लहान केलेला फोटो एकाच वेळी धरून ठेवले, तर आणखी जास्त. म्हणून सरासरी रॅमच्या आकड्याने भागत नाही, ‘शिखर’ पाहावे लागते. दिवसभर १५० एमबीवर शांत बसणारे ॲप फोटोच्या त्या पाच सेकंदांत ३०० वर जाते आणि नेमके तेव्हाच कोसळते. बैलगाडीचा पूल सरासरी ओझ्यावर बांधत नाहीत.

दुसरे कारण अँड्रॉइडच्या स्वभावात आहे. रॅम संपत आली की ते एकेका ॲपचा बळी देते, आणि त्यासाठी क्रम लावलेला असतो. पडद्यावर जे दिसत आहे त्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, मागे पडलेल्याला आधी. कॅमेरा उघडला की कॅमेरा पडद्यावर आला आणि अर्धा फॉर्म भरलेले ॲप मागे गेले. ६ जीबीच्या फोनवर दोघे सुखाने नांदतात. २ जीबीच्या फोनवर कॅमेऱ्याला जागा देण्यासाठी मागचे ॲप मारले जाते. परत आल्यावर ते नव्याने सुरू होते.

यात फोनचा दोष किती आणि ॲपचा किती? मागे जाण्याआधी भरलेली माहिती जतन करून ठेवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये अगदी पहिल्यापासून आहे, आणि ती वापरायला शिकवणे हा ॲप बनवण्याच्या पहिल्या धड्यांपैकी एक. ती न वापरणे हा आळस आहे. पुण्या-मुंबईच्या कार्यालयातल्या भारी फोनवर चाचणी केली की हा आळस कधी दिसतच नाही, एवढीच त्याची सोय.

तापतो कशाने?

रॅम भरली की अँड्रॉइड लगेच ॲप्स मारत नाही. आधी ते रॅममधला न लागणारा मजकूर दाबून लहान करते आणि रॅममध्येच कोपऱ्यात ठेवते. पुन्हा लागला की उलगडते. गाठोडे बांधणे आणि सोडणे, यात प्रोसेसर खर्च होतो. जागा फारच कमी असेल तर हीच कसरत सतत चालू राहते. प्रोसेसर राबत असतो, पण तुमचे काम पुढे सरकत नसते. त्यातून उष्णता. फोन एका मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो, म्हणजे आधीच मंद असलेले काम आणखी मंद. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि अनेक अंगणवाड्यांवर पत्र्याचे छप्पर असते. वातानुकूलित खोलीत केलेली चाचणी आणि तिथली दुपार यांत याही कारणाने फरक पडतो.

ही अवस्था ‘किती रॅम वापरली’ या आकड्यात दिसत नाही. रॅम ९५ टक्के भरलेली असूनही फोन मजेत चालू शकतो, आणि तितकीच भरलेली असताना गुदमरूही शकतो. म्हणून २०१८ मध्ये लिनक्समध्ये ‘दाब’ मोजण्याची नवी पद्धत आली, पीएसआय. फेसबुकच्या अभियंत्यांनी ती तयार केली. ती साधन किती वापरले हे विचारत नाही. साधन न मिळाल्यामुळे काम किती वेळ खोळंबले, हे ती सांगते. अँड्रॉइड १० पासून ॲप केव्हा मारायचे हे ठरवायला हीच पद्धत वापरण्याची सोय झाली. धरणात किती टक्के साठा आहे हे एक, आणि गावाच्या नळाला किती दिवसांआड पाणी येते हे दुसरे. धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला या दोन आकड्यांतला फरक वेगळा सांगायला नको.

‘रॅम बूस्टर’ ॲप घ्यावे का?

घेऊ नये. फोन मंद झाला की अनेकजण प्ले स्टोअरवरून ‘क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ उतरवतात. एक बटण दाबले की रॉकेट उडते आणि ‘८०० एमबी मोकळी झाली’ असे झळकते. पण २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून एका साध्या ॲपला दुसऱ्या ॲपचा प्रोसेसर-वेळ आणि अंतर्गत हिशेब पाहण्याची मुभाच उरलेली नाही. सुरक्षेसाठी ते दार बंद केले आहे. म्हणजे कोण किती खाते हे ज्याला नीट दिसत नाही, तो शिस्त लावायला निघाला आहे.

शिवाय मोकळी रॅम ही कमाई नाही. नुकतेच वापरलेले ॲप रॅममध्ये राहिले तर पुन्हा उघडताना झटकन उघडते. ते जबरदस्तीने काढले की पुढच्या वेळी स्टोरेजमधून सगळे पुन्हा आणावे लागते. वेळ जातो आणि बॅटरीही. दर तासाला सगळी ॲप्स झटकून टाकण्याची सवय असेल, तर ती फोनला विश्रांती देत नाही. आणि बूस्टर स्वतः पार्श्वभूमीत चालत राहून रॅम घेतो, जाहिराती दाखवतो, ते वेगळेच.

आपल्या फोनवर कसे पाहायचे?

कोणतेही ॲप न उतरवता बरेच दिसते. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर पर्याय’ खुले होतात. त्यात ‘मेमरी’ किंवा ‘चालू सेवा’ या नावाने कोणत्या ॲपने किती रॅम घेतली ते दिसते. कंपनीनुसार नावे आणि जागा थोड्या बदलतात. अलीकडच्या काही फोनांत ही नोंद आधी सुरू करावी लागते. त्या पानावरचे बाकीचे पर्याय मात्र हात न लावता सोडून द्यावेत.

डेटा वापराचा आकडा बऱ्यापैकी नेमका असतो, कारण येणारा-जाणारा प्रत्येक तुकडा प्रणाली मोजते. बॅटरीच्या टक्क्यांवर मात्र तितका विश्वास ठेवू नये. बहुतेक फोनांत प्रत्येक ॲपला वेगळा वीजमीटर नसतो. पडदा किती वेळ, प्रोसेसर किती वेळ, जीपीएस किती वेळ, असे गुणाकार करून तो अंदाज काढलेला असतो. अंदाज म्हणून ठीक.

एक इशारा महत्त्वाचा. ॲप अडकले की कोणीतरी ‘क्लिअर डेटा कर’ असा सल्ला देते. ‘क्लिअर कॅशे’ निरुपद्रवी आहे. ‘क्लिअर डेटा’ म्हणजे ॲपने फोनवर ठेवलेले सगळे पुसणे. रेंज नसताना भरलेल्या, अजून सर्व्हरवर न पोचलेल्या नोंदी त्यात असतील, तर त्या कायमच्या गेल्या. आठवडाभराची वजने किंवा गट नंबरनिहाय पिके पुन्हा भरण्याची वेळ येते. आधी नोंदी वर चढल्या का ते पाहावे, मगच तो पर्याय.

मग आकडे आहेत कोणाकडे?

प्ले स्टोअरवरून वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक ॲपच्या मालकाला गूगल एक खाते देते. आपले ॲप किती लोकांच्या फोनवर कोसळले, किती जणांकडे गोठले, हे त्यात रोज दिसते, तेही फोनच्या मॉडेलनुसार आणि रॅमनुसार. स्पर्श करूनही ॲपने पाच सेकंद प्रतिसाद दिला नाही, की ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ ही सूचना येते आणि त्याची नोंद होते. रोजच्या वापरकर्त्यांपैकी ०.४७ टक्क्यांहून अधिक लोकांना हा अनुभव आला, की गूगल त्या ॲपचे वर्तन वाईट मानते. एखाद्या विशिष्ट मॉडेलपुरती ही मर्यादा ८ टक्के आहे.

पोषण ट्रॅकर आणि ई-पीक पाहणी, दोन्ही प्ले स्टोअरवर आहेत. म्हणजे २ जीबीच्या फोनवर ही ॲप्स किती वेळा गोठली, हा आकडा आजही कुठल्या तरी पडद्यावर आहे. त्यासाठी समिती नेमायला नको, अभ्यासदौरा नको.

खासगी ॲपच्या बाबतीत वाईट आकड्याची शिक्षा आपोआप मिळते. गूगल ते ॲप शोधात मागे टाकते, लोक ते काढून टाकतात, धंदा बुडतो. सरकारी ॲपला ही भीती नाही. सेविका पोषण ट्रॅकर काढून दुसरे ॲप घेऊ शकत नाही. पीक विम्याची किंवा अनुदानाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला नोंदीसाठी दुसरे दुकान नाही. ग्राहक सोडून जाऊ शकत नाही, तिथे आकडे जाहीर करण्याची सक्ती हाच एक दाब उरतो. विजेच्या उपकरणांसाठी आपण ते करून पाहिले आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजना २००६ मध्ये सुरू झाली आणि फ्रिज घेताना तारे मोजायची सवय खेड्यापाड्यांपर्यंत गेली. सक्तीच्या सरकारी ॲपसाठी तसेच लेबल का नको? किमान किती रॅमच्या फोनवर तपासले, फोटो घेताना शिखर किती, एक नोंद चढवायला डेटा किती, गोठण्याचे प्रमाण किती. चार ओळी पुरतील. आणि या चार ओळी निविदेतच अट म्हणून आल्या तर अधिक बरे, कारण ॲप तयार झाल्यावर त्याचे वजन उतरवणे महाग पडते.

नवे फोन द्या, हा उपाय अपुरा आहे. फोन एकदाच येतो, ॲप दर महिन्याला वाढते. संगणकशास्त्रज्ञ निक्लॉस विर्थ यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवले होते, की यंत्रे वेगवान होतात त्याहून वेगाने सॉफ्टवेअर जड होत जाते. २०१९ च्या फोनचे २०२१ मध्ये जे झाले, तेच आजच्या फोनचे दोन-तीन वर्षांनी होणार, जर ॲपच्या भुकेला कोणी मर्यादाच घातली नाही तर.

तोपर्यंत तक्रार करताना ‘ॲप चालत नाही’ एवढेच लिहू नये. फोनचे मॉडेल, रॅम, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, कोणत्या पानावर अडकले, किती सेकंद, तेव्हा रेंज किती काड्या होती आणि ‘प्रतिसाद देत नाही’ ही सूचना आली की ॲप नुसते फिरत राहिले, एवढे लिहावे. सूचना आली असेल तर दुखणे बहुधा फोन आणि ॲप यांच्यातले आहे. नुसतेच फिरत राहिले असेल, तर नेटवर्क किंवा सर्व्हर तपासायला सांगावे. स्क्रीनशॉट जोडावा, वेळ लिहावी.